बेचाळीस हाती, वरचे तुमचे

अकोल्यात मोठ्या देवळासमोर एकाच पत्र्याखाली दोन फूलवाल्या तीस वर्षं बसत होत्या, आणि तीस वर्षं त्यातली एक दुसरीवर जळत होती. जळणारी ती सत्यवती. जिच्यावर जळायचं ती चतुराबाई.

कारणांना तोटा नव्हता. दोघींचा झेंडू एकाच मळ्यातून, एकाच रिक्षातून यायचा, तरी चतुराबाईचा दुपारपर्यंत ताजा आणि सत्यवतीचा अकरालाच मान टाकायचा. चतुराबाईची हर्षा शिकून मास्तरीण झाली आणि मूर्तिजापूरच्या शाळेत लागली. सत्यवतीच्या सागरला अमरावतीत नोकरी मिळाली खरी, पण ती कंपनीची, आज आहे उद्या नाही. चतुराबाईचे गुडघे दुखत नव्हते. एवढंच काय, पुजारीसुद्धा हार घेताना आधी तिकडे बघायचा. सत्यवती हे सगळं गिळून बसली होती. पण गेल्या साली चतुराबाईनं गल्लीतलं आपलं घर विकलं आणि चार घरं सोडून झालेल्या नव्या इमारतीत लिफ्टवाला फ्लॅट घेतला. तेव्हापासून सत्यवतीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

"एकेचाळीस लाख आले," चतुराबाईनं हार गुंफता गुंफता, जसं काही शेवंतीचा भाव सांगावा तसं सांगितलं होतं. "आन दलालाले एक रुपया देल्ला नाई. मीच पाह्यलं गिऱ्हाईक, मीच केला सौदा."

सत्यवती त्या दिवशी चार हार उलटे गुंफून बसली.

आता वर्षभरानं तिलाच घर विकायचं होतं. सागर आणि त्याची बायको आचल दोघंही कामाला जायची, नात लहान होती, आणि आईबापांनी अमरावतीला यावं म्हणून पोरगा मागे लागला होता. साईनगरच्या पुढे त्यानं एक घर पाहून ठेवलं होतं. सत्यवती तिथे एकदाच गेली, पण खोल्यांकडे तिनं बघितलंच नाही. घरासमोर दहा बाय वीसची काळी माती उघडी होती. तिनं उभ्या उभ्या तिथे मोगऱ्याचे दोन वाफे धरले, कडेला शेवंती लावली, गुलछडीला कोपरा दिला. आपल्या मातीतली फुलं, आपला हार, आणि शेजारी चतुराबाई नाही. आयुष्यात एवढं सुख तिनं कधी मागितलं नव्हतं. घराची किंमत होती शेचाळीस लाख. गाठीशी होते चार.

घर विकून द्यायला रऊफभाईला बोलावलं. रऊफभाईचं बाजारात किल्ल्या बनवायचं टपरीएवढं दुकान होतं. लोकांच्या किल्ल्या बनवता बनवता कोणाचं घर रिकामं होणार आणि कोणाला घ्यायचं आहे हे त्याला आपसूक कळायचं, आणि त्यातून वीस वर्षांत घरांची दलाली हाच त्याचा खरा धंदा होऊन बसला होता. तो ओट्यावर बसला, त्यानं घराकडे एकदा आणि अंगणातल्या मोगऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि बशीत चहा ओतला.

"भाभी, याच्या दोन तऱ्हा असतात," तो म्हणाला. "एक टक्क्याची. घर जेवढ्याले जाईन त्याचे दोन टक्के तुमी मले द्याचे. भाव चढला त फायदा तुमचा. दुसरी हातची. तुमी सांगाचं, मले हाती इतके पायजे. तेवढे तुमचे, त्याच्यावर मी जे काढीन ते माह्ये. मंग दलाली नाई. पन माह्यं ऐकान त टक्क्यावर करा. घर रस्त्याले लागून हाये, समोर अंगन हाये. मले भाव काढून पाहू द्या."

"बरोबर बोलून राहिले भाई," सत्यवतीचा नवरा पुंजाराम म्हणाला. पुंजाराम शहाणा माणूस होता, फक्त त्याच्या शहाणपणाला घरात कोणी विचारत नव्हतं.

"चतुरीच्या घराचे किती आले, ठाऊक हाये काय तुमाले?" सत्यवती म्हणाली. "एकेचाळीस. आन दलालीचा एक रुपया नाई!"

रऊफभाईची बशी ओठांपाशी थांबली. त्यानं काही तरी बोलायला तोंड उघडलं, मग चहाच प्याला.

"मी कोनाच्या सौद्याची गोष्ट कोनापाशी करत नाई, भाभी. तुमचीबी करनार नाई."

"मंग लिहा. बेचाळीस हाती, वरचे तुमचे. आन दलाली नाई."

"बेचाळीसच काहून?" पुंजारामनं विचारलं. "कायचा हिशोब केला?"

"एकेचाळीसच्या वर बेचाळीसच येते ना!"

हिशोब एवढाच होता. जागा किती, रस्ता किती रुंद, शेजारपाजारी भाव काय चालला आहे, यातलं काही त्यात नव्हतं. चतुराबाईपेक्षा एक लाख जास्त, आणि तिच्यासारखंच दलालाच्या हातावर काही न ठेवता. पुन्हा गंमत अशी, की बेचाळीसात गाठीचे चार मिळवले की बरोबर शेचाळीस होत होते. सत्यवतीला वाटलं, देवानंच आकडा जुळवून दिला. घर तिच्या नावावर होतं, हारांच्या पैशांतून उभं राहिलेलं. तिनं रऊफभाईच्या चिठ्ठीवर सही ठोकली. त्यानं चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि जाताना एवढंच बजावलं, "इसार होईपर्यंत आकडा कोनालेच सांगाचा नाई. बोलनं फुटलं की सौदा मोडते."

म्हणजे सौद्याची बयाणा रक्कम हातात पडून कागद होईस्तोवर गप्प बसायचं. ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप, तो जिभेवर घेऊन चतुराबाईच्या मांडीला मांडी लावून दिवसभर बसायचं. सत्यवतीनं ते केलं. कसं केलं ते तिचं तिला ठाऊक. एकदा अगदीच राहवेना तेव्हा म्हणाली, "माह्याबी घराचा सौदा होऊन राहिला बरं."

"हो काय?" चतुराबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. "होऊ दे बाई, बरंच हाये."

तिनं किती आले म्हणूनसुद्धा विचारलं नाही. हा थंडपणा सत्यवतीला इतका लागला की तिनं बेचाळीसचा ब ओठावर आणून परत गिळला. तिनं आयुष्यात एकदाच तोंड आवरलं, आणि तेही नको तिथं.

दिवाळीआधी रऊफभाईचा निरोप आला. गिऱ्हाईक तयार आहे, बँकेचं कर्ज मंजूर होत आहे, दिवाळी झाली की गुरुवारी इसार.

"घर पाहाले नाई आले ते?" सत्यवतीनं विचारलं.

"पार्टीनं घर पाह्यलेलं हाये," रऊफभाई म्हणाला.

सत्यवतीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. रस्त्यानं जाता-येता नुसतं बाहेरून बघून लोक घर घेतात, असं तिचं घर! चतुराबाईच्या घराला गिऱ्हाइकानं आतून भिंती ठोकून पाहिल्या होत्या, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग सागरचा फोन आला आणि मांस उतरलं.

"आई, शेचाळीसात भागत नाई वं. खरेदीचा खर्च तीन लाखाच्या वर जाते. आन इथल्या दलालाले घेनाऱ्यानंबी दोन टक्के द्या लागतात. सारं धरून पन्नास होते."

"घेनाऱ्यानं कायले द्याचे? दलाल त विकनाऱ्याचा!"

"दोघाइचाबी असते. तुमी विकतानी दलाली वाचवली असन, इकडे घेतानी वाचत नाई. आन माह्यावर गाडीचं कर्ज हाये, मले बँक अजून देनार नाई."

चार लाख कमी पडत होते. नाही जमलं तर सागरच्या घराजवळच दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट होता, बेचाळीसात सगळ्या खर्चासकट बसणारा. पण त्याला माती नव्हती. सत्यवतीनं रऊफभाईला फोन लावला. बेचाळीसाचे शेचाळीस होतात का, म्हणून विचारलं. रऊफभाई म्हणाला, "भाभी, लिहून तुमीच देल्लं. मी तिकडे शब्द देऊन बसलो." सत्यवतीनं मनाशी ठरवलं, इसाराच्या दिवशी गिऱ्हाईक समोर येईल तेव्हा आपणच हात जोडून, नातीची शपथ घालून चार लाख वाढवून घ्यायचे. परक्या माणसापुढे हात जोडायला काय जातं?

गुरुवारी ओसरीवर सतरंजी टाकली. पेढे आणले. पुंजारामनं धुतलेलं धोतर नेसलं. रऊफभाई आला, त्याच्यामागून हर्षा आली, हर्षाचा नवरा शुभम आला, आणि त्या दोघांच्या मागून, ठेवणीतलं जरीचं लुगडं नेसून, चतुराबाई आली.

सत्यवतीनं हातातली पेढ्यांची बशी खाली ठेवली आणि तीही बसली.

"हर्षाची बदली झाली अकोल्याले," चतुराबाई सतरंजीवर टेकत म्हणाली. "पोरगी जवळ राहीन म्हटलं. तुले आधी सांगतलं असतं त तू माह्या पोरीले घर देल्लं असतं काय? खरं सांग."

दिलं नसतं. सत्यवतीनं खरं काय ते सांगितलं नाही, पण दिलं नसतं. घर रिकामं ठेवलं असतं, घुशींना दिलं असतं, पण चतुराबाईच्या पोरीला दिलं नसतं. आणि आता हिच्यासमोर हात जोडून चार लाख मागायचे? तिचे हात मांडीखालीच गेले.

रऊफभाईनं चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. लिहून देणार सत्यवती, लिहून घेणार हर्षा, चतुःसीमा, पूर्वेला रस्ता. मग किमतीची ओळ आली. "घराची ठरलेली किंमत रुपये पन्नास लाख."

सत्यवतीनं कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. पाच, आणि पुढे सहा शून्य. बँकेचं कर्ज होतं, म्हणून कागदावर खरी किंमत घालावी लागली होती, नाहीतर तिला ती जन्मात कळली नसती. बेचाळीस तिचे, वरचे आठ रऊफभाईचे. खरेदीखत झालं की आठ लाखांचा चेक तिनंच आपल्या हातानं फाडून द्यायचा होता. आठ लाख! ज्या चारासाठी तिला पंधरा दिवस झोप नव्हती, ते चार आणि वर आणखी चार या सतरंजीवरून उठून किल्लीवाल्याच्या खिशात चालले होते. रऊफभाईवर चवताळून उठायला तिनं श्वास घेतला.

तेवढ्यात चतुराबाई बोलली.

"पन्नास! ठाऊक होतं, तरी ऐकवत नाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तीस वर्षांत सत्यवतीनं कधी ऐकला नव्हता असा चिरकला. "एका गल्लीतले घरं. माह्या घराले छत्तीस, आन हिच्या घराले पन्नास! वरून घेनाऱ्याचे दोन टक्के आमीच द्याचे. माह्या पोरीनं वीस वर्षं हप्ते भराचे, मी पाटल्या मोडल्या. आन हे बाई बसल्या जागी पन्नास लाख घेऊन चालली!"

"छत्तीस?" सत्यवतीनं विचारलं. "एकेचाळीस आले म्हनत होती ना तू?"

चतुराबाईनं मान खाली घातली. जीभ घसरली होती आणि आता आवरून उपयोग नव्हता. "लोकाइले सांगाचं असते तसं. छत्तीस आले. त्यातूनबी रऊफभाईले दलाली देल्ली, सत्तर-बहात्तर हजार. इचारून घे त्यालेच."

रऊफभाई कागदाकडे बघत राहिला. सत्यवतीला त्याची ती ओठांपाशी थांबलेली बशी आठवली. त्याला तेव्हाच माहीत होतं. एकेचाळीस कधी नव्हतेच. जे घर कधी एकेचाळीसाला गेलंच नाही, त्याच्यावर मात करायला तिनं आपलं घर बेचाळीसाला बांधून दिलं होतं.

हे कळून कोणाही बाईनं कपाळ बडवून घेतलं असतं. पण सत्यवती कपाळ बडवत नव्हती. ती चतुराबाईच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडाचा रंग उडाला होता, ओठ आत ओढले गेले होते, डोळे सारखे कागदावरच्या आकड्याकडे जात होते आणि परत येत होते. हे तोंड सत्यवतीला पाठ होतं. तीस वर्षं सकाळी कुंकू लावताना आरशात तिनं तेच बघितलं होतं. फक्त ते चतुराबाईच्या धडावर ती पहिल्यांदाच बघत होती.

चतुराबाई जळत होती. तिच्यावर, सत्यवतीवर.

रऊफभाईनं खिशातून ती घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि सतरंजीवर ठेवली. आठ लाख एकट्यानं गिळायचे म्हणजे त्यालाही घास मोठा वाटत असावा. किंवा पुंजारामचं तोंड त्याला बघवत नसावं.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "सही व्हायची हाये अजून. हे चिठ्ठी साऱ्याइसमोर वाचू काय? वाचली त बोलनं होईन. बोलनं झालं त आकडा हालू शकते. इकडचाबी, तिकडचाबी. मी दोन टक्क्यावर राजी हाये."

"कायची चिठ्ठी?" चतुराबाईनं लगेच विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. चिठ्ठी वाचली असती, तर पन्नासाचे सत्तेचाळीस झाले असते, चतुराबाईच्या पोरीचे हप्ते हलके झाले असते, रऊफभाईला त्याचे दोन टक्के देऊनही सत्यवतीचे शेचाळीस सुटले असते, आणि अमरावतीच्या काळ्या मातीत मोगरा लागला असता. सत्यवतीला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. तिला ते वाफेसुद्धा दिसत होते. फक्त त्याआधी चतुराबाईला कळलं असतं, की हिला पन्नास नाहीत, बेचाळीस मिळताहेत, आणि तेही हिनंच लिहून दिलेत. मग चतुराबाई हसली असती. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, ती हसते तशी. आणि उद्या देवळासमोर पुजाऱ्याला सांगितलं असतं.

पुंजारामनं खाकरून घसा मोकळा केला. सत्यवतीनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की घसा परत बंद झाला.

"राहू द्या, रऊफभाई," ती म्हणाली. "चिठ्ठी कायले वाचता? पन्नास म्हंजे पन्नास. घरच तसं हाये."

तिनं सही केली. एरवी तिची सही वाकडीतिकडी यायची, त्या दिवशी सरळ आली. मग तिनं उठून आपल्या हातानं चतुराबाईच्या तोंडात पेढा घातला. चतुराबाईला तो गिळता गिळेना, आणि सत्यवतीनं तो घशाखाली उतरेपर्यंत बघितला.

सगळे गेल्यावर पुंजारामनं सतरंजी गुंडाळली.

"चार लाख समोर पडले होते वं," तो म्हणाला. "नुसतं तोंड उघडाचं होतं."

"चतुरीसमोर?" सत्यवती म्हणाली.

संक्रांतीनंतर खरेदीखत झालं. आठ लाखांचा चेक रऊफभाईनं घेतला, पण घेताना तो तिच्याकडे बघत नव्हता. अमरावतीला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. इमारतीला लिफ्ट नव्हती. गॅलरीत दोन कुंड्या मावत होत्या, पण ऊन फक्त सकाळी तासभर यायचं, आणि मोगऱ्याला तेवढं पुरत नव्हतं. हार करायचे तर फूल विकत आणायचं, आणि विकत आणून दोन मजले चढवून परत उतरवायचं, ते गुडघ्यांना झेपेना. सत्यवतीनं धंदा सोडला. लोकांना ती सांगायची, आता गरज काय?

एप्रिलात चतुराबाईचा फोन आला.

"कावं पन्नास लाखाची बाई, इसरली काय आमाले?" आवाजात अजून ती धार होती. सत्यवतीनं फोन कानाशी घट्ट धरला. "तुह्या अंगनातल्या मोगऱ्यानं यंदा कहर केला वं. हर्षाले तोडनं होत नाई, मीच तोडते सकाळी. गजऱ्याले पुरून उरते. पुजारी म्हने, असा वास बाजारच्या फुलाले नसते."

तो मोगरा सत्यवतीनं वीस वर्षांपूर्वी लावला होता. उन्हाळ्यात स्वतः आंघोळ कमी पाण्यात उरकून त्याला पाणी घातलं होतं. त्याचे गजरे आता चतुराबाईच्या टोपलीत होते, पत्र्याखाली, आणि शेजारची जागा रिकामी होती. सत्यवतीच्या पोटात ओळखीचं दुखणं उठलं, आणि या खेपेला ते तिच्याच अंगणासाठी होतं.

"तोड ना वं," ती म्हणाली. "मले काय कराचे आता मोगरे?"

"हो बाई, तुले कायची कमी!" चतुराबाईनं सुस्कारा टाकला आणि फोन ठेवला.

"काय म्हने चतुराबाई?" पुंजारामनं विचारलं.

"जळते अजून माह्यावर," सत्यवती म्हणाली, आणि देवापुरता हार आणायला कठड्याला धरून खाली उतरली. कोपऱ्यावरच्या फूलवालीकडे एकच हार उरला होता. वीस रुपये म्हणाली. सत्यवतीनं घासाघीस केली नाही. झेंडूनं मान टाकलेली होती.